ताप, प्लेटलेट्स आणि ल्युकेमिया

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात गोव्यात कुणाला ताप आला आणि प्लेटलेट्स कमी निघाल्या की घरात एकच नाव निघतं, डेंग्यू. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात आणि आठवडा-दहा दिवसांत आपणहून चढतात. त्याच सुमारास पपईच्या पानांचा रस पोटात गेलेला असतो, म्हणून श्रेय रसाला मिळतं. पण पंधरा दिवस झाले, ताप जातो-येतो, प्लेटलेट्स वर येत नाहीत आणि हिमोग्लोबिनही सातावर आलंय, असं दिसलं तर हा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, तर नाही ना, हे बघायला तो रिपोर्ट पुन्हा वाचायला हवा. डेंग्यूत रक्तस्राव झाला नसेल तर हिमोग्लोबिन असं कोसळत नाही. उलट रक्त दाट होतं.

रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मज्जेत. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स, तिन्ही तिथल्याच. ल्युकेमियात मज्जेतल्या एखाद्या कोवळ्या पेशीच्या जनुकांत बिघाड होतो. मग ती पेशी पिकत नाही, नुसती वाढत सुटते. या न पिकलेल्या पेशींना ब्लास्ट म्हणतात. त्यांनी जागा अडवली की चांगल्या पेशींना वाव उरत नाही. लाल पेशी घटल्या की धाप लागते. कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप हटत नाही. प्लेटलेट्स घटल्या की हिरड्यांतून रक्त येतं, पायांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उठतात आणि ते बोटाने दाबले तरी फिके होत नाहीत. लहान मुलांची हाडं दुखतात. मूल लंगडतं, रात्री पाय धरून रडतं.

इथेच एक चूक होते. मुलाचे सांधे दुखतात म्हणून कुणीतरी स्टेरॉइड सुरू करतं. स्टेरॉइडने ब्लास्ट काही काळ मरतात, ताप उतरतो, सगळ्यांना बरं वाटतं. पण आता मज्जेची तपासणी फसवी येऊ शकते, आणि आजार परततो तेव्हा निदानाचे महत्त्वाचे आठवडे गेलेले असतात. म्हणून कारण न कळलेल्या तापात किंवा सांधेदुखीत स्टेरॉइडच्या आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, झालाच पाहिजे.

सीबीसीत पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० आणि प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख असतात. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी वाढलेल्याच असतात हा समज चुकीचा आहे. त्या लाखभर असू शकतात, दोन हजारही असू शकतात. शिवाय मोजणी करणारं मशीन ब्लास्टना वेगळ्याच रकान्यात टाकू शकतं. म्हणून पेरिफेरल स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी पाहिलेला हवा. ‘स्मिअर बघितला का?’ हा प्रश्न बेधडक विचारा.

मज्जेच्या तपासणीला लोक घाबरतात, कारण ‘कण्यात सुई घालतात’ असं ऐकलेलं असतं. ही सुई कण्यात जात नाही. रुग्णाला कुशीवर झोपवून कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेवर, त्वचा आणि हाडाचं आवरण बधिर करून ती घालतात. सिरिंज ओढताना काही सेकंद सणसणीत कळ येते, कारण हाडाच्या आत भूल पोचत नाही. नंतर हाडाचा काडीएवढा तुकडा घेतात. सगळं अर्ध्या तासात आटोपतं. मुलांना झोपेचं औषध देतात. त्या नमुन्यावर फ्लो सायटोमेट्री, म्हणजे ब्लास्ट कोणत्या जातीचे ते ओळखणारी तपासणी, आणि गुणसूत्रांची तपासणी होते. उपचार कोणता, ते त्यावर ठरतं.

कारण ल्युकेमिया एक नाही. वयस्कांतला सीएलएल, हा सावकाश वाढणारा प्रकार, कित्येकदा वर्षानुवर्षं नुसता लक्ष ठेवण्यापुरता असतो. ‘कॅन्सर आहे आणि औषध नाही’ हे घरच्यांना पटत नाही, पण ते बरोबर असतं. सीएमएल या दुसऱ्या सावकाश वाढणाऱ्या प्रकारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून निघणाऱ्या घातक प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली आली आणि या आजाराचं रूपच पालटलं. नेहमीचा डोस दिवसाला ४०० मिलिग्रॅम, जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाणी घेऊन. बरं वाटतंय म्हणून चार-चार दिवस गोळी चुकवली तर आजार त्या गोळीला दाद देईनासा होऊ शकतो.

तीव्र, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या, ल्युकेमियात मात्र दिवस मोजावे लागतात. त्याचे मुख्य प्रकार दोन, एएलएल आणि एएमएल. मुलांतला एएलएल असेल तर पहिले सुमारे चार आठवडे विंक्रिस्टिन, स्टेरॉइड, अ‍ॅस्पराजिनेज वगैरे औषधं मिळून देतात आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यात मेथोट्रेक्सेट हे औषध सोडतात, कारण मेंदूत दडलेल्या पेशींपर्यंत शिरेतली बरीच औषधं पोचत नाहीत. एका महिन्यात बहुतेक मुलांची मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसते. ‘मग अजून दोन वर्षं औषधं कशाला?’ असं घरचे विचारतात. कारण स्वच्छ दिसणं वेगळं. एमआरडी नावाची तपासणी दहा हजार पेशींतली एक ब्लास्टही हुडकते, आणि तीही उरली नाही असं दिसलं तरी पुढचं औषध सोडायचं नसतं. शेवटच्या टप्प्यात एक गोळी रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. मेथोट्रेक्सेटची गोळी चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, पेशी कोसळतात, जीवही जाऊ शकतो. वार ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा.

मोठ्यांच्या एएमएलमध्ये सायटाराबिन सात दिवस आणि डॉनोरुबिसिन तीन दिवस, ही औषधांची जुनी जोडी अजून चालते. त्यानंतरचे तीन-चार आठवडे रुग्णाला पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. अशा वेळी १००.४ फॅरनहाइट ताप ही घाईची गोष्ट आहे. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, कारण ताप दबतो आणि जंतू पसरत राहतो. अँटिबायोटिक शिरेतून, शक्यतो पोचल्यावर तासाभरात सुरू व्हायला हवं. काणकोणहून किंवा वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोचायला किती वेळ लागतो, गाडी कुणाची, रात्री फोन कुणाला, हे केमो घेऊन घरी येण्याआधीच ठरवा. फाइल आणि शेवटचा सीबीसी पिशवीत तयार असू द्या.

या दिवसांत खाणं साधं आणि शिजलेलं, गरम पेज उत्तम. मिठाच्या पाण्यात घातलेली तोरं (कैऱ्या), कच्ची कोशिंबीर, अर्धवट उकडलेल्या तिसऱ्या नकोत. विहिरीचं पाणी उकळूनच. पावसात भिंतीला बुरशी धरली असेल तर रुग्णाची खोली बदला. त्याच्यासमोर ती खरवडू नका, उडणारी बुरशी थेट फुप्फुसात जाते.

आता रक्ताचं. प्लेटलेट्सची पिशवी जेमतेम पाच दिवस टिकते, साठवून ठेवता येत नाही. म्हणून दाते आधीच जोडून ठेवावे लागतात. मशीनवरून प्लेटलेट्स देणाऱ्याला साधारण दीड-दोन तास बसावं लागतं, आणि त्याने आधीच्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. मज्जेच्या प्रत्यारोपणाची, म्हणजे दुसऱ्याची निरोगी मज्जा देण्याची, शक्यता असेल तर सख्ख्या भावंडाचं किंवा आईवडिलांचं रक्त चढवू नका. भावंडाची मज्जा रुग्णाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते, आणि त्याचंच रक्त आधी चढवलं असेल तर पुढे त्याचीच मज्जा शरीर नाकारू शकतं. गावातले मित्र, ऑफिसमधले सहकारी, देवळाच्या समितीतले तरुण यांची नावं, रक्तगट आणि फोन नंबर आजच एका वहीत उतरवून ठेवा.