शिंकांचं मूळ कुठे?

नमस्कार श्रोतेहो. उठल्याउठल्या ओळीने शिंका, नाकातून पाण्याची धार, टाळूला खाज, डोळ्यांची चुरचुर. ताप नाही, आणि दहा वाजेपर्यंत सगळं ओसरलेलं. ही बहुधा ॲलर्जी. घरचे लगेच म्हणणार, "काल रात्री दही खाल्लंस ना!" दही, केळं, पेरू बिचारे उगाच बदनाम आहेत. नुसत्या शिंका आणि गळणारं नाक यांचं कारण खाण्यात क्वचितच सापडतं. ते बहुधा श्वासावाटे आत येतं.

सकाळीच त्रास होत असेल, तर माझा पहिला संशय अंथरुणावर. गादी, उशी, गोधडीत धुळीतले माइट राहतात. मिलिमीटरहूनही लहान जीव, आपल्या अंगावरून झडलेला कोंडा खाऊन जगतात. दमट हवा त्यांना मानवते, म्हणून मुंबई-कोकणात त्यांची चंगळ. ते चावत नाहीत. त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं नाकाला सोसत नाहीत. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा. आणि गाद्या झटकायचं काम, कृपा करून, ज्याला त्रास आहे त्याच्याकडे देऊ नका.

घराबाहेर पडल्यावर शिंका वाढतात का? मग पराग. पुण्यात 1950च्या दशकात नोंदलं गेलेलं गाजर गवत आज राज्यभर मोकळ्या प्लॉटवर माजलंय, आणि पावसानंतर ते पांढऱ्या फुलांनी भरून जातं. पावसाळ्यात ओल्या भिंतीवरची बुरशी, एरवी झुरळं, मांजर-कुत्रं हेही संशयित. उदबत्तीचा धूर, फोडणीचा खाट, अत्तर यांची ॲलर्जी नसते, पण आधीच सुजलेलं नाक त्यांनी आणखी चिडतं.

म्हणून दोनेक आठवडे वही ठेवा: शिंका केव्हा आल्या, कुठे, त्याआधी काय करत होतात. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गरज वाटली तर ते या संशयितांचा अंश त्वचेवर टोचून चाचणी करतील. 15-20 मिनिटांत गांधी उठते की नाही ते कळतं. ॲलर्जीच्या काही गोळ्या त्याआधी थांबवाव्या लागतात, तेव्हा चालू औषधं सांगा. मात्र गांधी उठली म्हणजे तेच कारण असं नाही, ती तुमच्या वहीशी जुळली पाहिजे. आणि शिंकांबरोबर छातीत घरघर किंवा धाप असेल, तर वही भरत बसू नका, लगेच दाखवा.