पान सोडायला शिकवा

श्रोतेहो, नमस्कार. समोर आलेल्या माहितीची पारख मुलांना शाळेत शिकवायची म्हटलं, की तास कुठून आणायचा हा प्रश्न येतो. वेगळा विषय काढूच नका. फिनलंडने 2016 पासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात हे काम सगळ्या विषयांत वाटून दिलं आहे, आणि मला तेच योग्य वाटतं.

गणिताचंच घ्या. सातवीला स्तंभालेख येतो. दोन शाळांचे निकाल द्या, 92 टक्के आणि 96 टक्के. उभा अक्ष एकदा शून्यापासून काढायला सांगा, एकदा 90 पासून. पहिल्या आलेखात दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे. दुसऱ्यात एक स्तंभ दोन घरं उंच, तर दुसरा सहा घरं. आकडे तेच, पण उंची तिप्पट! हे मुलांनी स्वतःच्या पेन्सिलीने काढलं पाहिजे. फळ्यावर दाखवून भागत नाही.

भाषेच्या तासाला संकेतस्थळ पारखायला घ्या. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 10 इतिहासकार, 10 तथ्य-तपासनीस आणि 25 विद्यार्थ्यांना अशीच कामं दिली होती. भारदस्त नाव, सुबक मांडणी, संदर्भांची यादी हे पाहून विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारही फसले. तपासनीस मात्र पान जेमतेम पाहून बाहेर पडले आणि ते पान चालवणाऱ्या संस्थेबद्दल बाकीचे काय सांगतात, ते दुसऱ्या टॅबमध्ये शोधू लागले. म्हणून ‘पान नीट वाचा, खालची तारीख बघा’ एवढ्या सूचना पुरत नाहीत. पानावरचं सगळं त्या पानाच्या मालकानेच लिहिलेलं असतं. शाळेत इंटरनेट नसेल तर पान आणि शोधाचे पहिले पाच निकाल छापून न्या.

आता सगळ्यात मोठी चूक. शिक्षक उत्साहाने दहाच्या दहा नमुने खोटे आणतात. तिसऱ्या नमुन्यापर्यंत मुलांना कळतं, ‘खोटं’ म्हटलं की गुण मिळतात! मग ती खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवेनाशी होतात, आणि हे नुकसान भोळेपणाइतकंच मोठं आहे. दहात पाच नमुने खरे ठेवा, एखाददुसरा असा, की ‘एवढ्यावरून ठरवता येत नाही’ हेच बरोबर उत्तर. दहा गुणांपैकी दोनच निष्कर्षाला द्या, आठ तिथवर कसं पोचलात याला.

हे तास एका आठवड्यात उरकू नका. महिन्याला एक, असे सहा घ्या. आणि नमुने दरवर्षी बदला, कारण वरच्या वर्गाची उत्तरं खालच्या वर्गात आधीच पोचलेली असतात.