मिळवणार आणि मिळवणारच

[दृश्य: टिळकांचं कृष्णधवल छायाचित्र. पगडी, उपरणं.]

"स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच."

शाळेत घोकलेलं वाक्य. आज त्याचं फक्त शेवटचं अक्षर ऐकू या. 'मिळवणार' म्हणून पाहा. इरादा कळतो. आता 'मिळवणारच'. हुज्जत संपली!

पूर्वार्ध तसा वकिली आहे. हक्क, तोही जन्मसिद्ध. बोलणारा एलएल.बी. होता, ते लपत नाही. पण कागद जिथे थांबतो, तिथे हा 'च' व्यासपीठावरून उडी मारतो. टाळी पडते ती त्याच्यावर.

[दृश्य: बेळगाव, जुना नकाशा.]

1916. एप्रिलअखेर बेळगावात स्वराज्याची मागणी करणारी टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. 1 मेला टिळक तिथेच बोलले, मग 31 मे आणि 1 जूनला अहमदनगरला. 'काळ'कर्त्या शिवरामपंत परांजप्यांची वक्रोक्ती त्यांच्याकडे नव्हती, अलंकारांचा सोसही नव्हता. आपणच विचारायचं, स्वराज्य म्हणजे काय? आणि घरच्या कारभाराचा दाखला देऊन आपणच सांगायचं.

समोर पोलिसांचा लघुलेखक बसलेला. बादशहाविरुद्ध बोलावं तर राजद्रोह. टिळकांनी वेदान्त काढला. परब्रह्म निर्गुण, निराकार. बदलते ती माया. बादशाही सत्ता तशीच अदृश्य, तिला आमचा धक्का नाही. डोळ्यांना दिसतं ते साहेबांचं सरकार, ही माया. ती बदला. कीर्तनं ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना याची फोड करून सांगायची गरज नव्हती. पुढचं ते मनातच म्हणाले असतील.

सरकारलाही कळलं म्हणा! 23 जुलैला साठीनिमित्त पुण्यात लाखाची थैली आणि त्याच दिवशी या भाषणांबद्दल नोटीस. मॅजिस्ट्रेटने चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले.

[दृश्य: मुंबई हायकोर्टाची इमारत.]

हायकोर्टात बाजू मांडली बॅरिस्टर जीनांनी. समोर भाषणांचा इंग्रजी तरजुमा. त्यात शब्द होते. हेल, थांबणं, सभेतली खसखस कुठून येणार? तरीही न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी सुटी वाक्यं न धरता भाषणं सबंध वाचली. 9 नोव्हेंबरला मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द झाला.

[दृश्य: संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा.]

चाळीसएक वर्षांनी तोच 'च' रस्त्यावर आला. यावेळी वाक्यात 'मी' नव्हता. एकाने "संयुक्त महाराष्ट्र" म्हणायचं, बाकीचं हजारो गळ्यांनी.

"झालाच पाहिजे!"