उभ्या गाडीखालचं लाल तेल

[दृश्य: ओहायो, एप्रिल महिना. गॅरेजचं दार वर सरकतं. आत पांढरी कॉर्व्हेट.]

अमेरिकेच्या ओहायो-मिशिगन पट्ट्यात जुन्या स्पोर्ट्स कार हिवाळ्यात रस्त्यावर उतरत नाहीत. बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचं पोट खाऊन टाकतं. नोव्हेंबरात झाकलेली गाडी एप्रिलमध्येच उघडते. मग ती मागे सरकवली, की फरशीवर दिसतो लालसर, तेलकट डाग.

ही गाडी १९८९ची शेवरोले कॉर्व्हेट, चौथ्या पिढीची. पुढे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, त्याच्या मागे ७००-आर-४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कॉर्व्हेटमध्ये तो आला १९८२ला. त्या वर्षी तर गाडी मॅन्युअल गिअरमध्ये मिळतच नव्हती.

मालकाची तक्रार ऐकायला विचित्र वाटते. उन्हाळ्यात गाडी रोज चालवली तर खाली एक थेंब नाही, आणि दोन-तीन आठवडे उभी राहिली की डाग. गिअरबॉक्सच्या तळाला तेलाची पत्र्याची थाळी असते, तो पॅन; त्याच्या कडेची पट्टी, म्हणजे गॅस्केट, बदलून झालंय, पुन्हा बदलून झालंय. डाग आहे तिथेच.

[दृश्य: पांढऱ्या कागदावर बोटाने टिपलेलं तेल.]

आधी तेल कोणतं ते ठरवायचं. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळं. कूलंट पाण्यासारखं पातळ, बोटाला चिकट. लाल असेल तर बहुतेक ट्रान्समिशनचं. पण जुन्या गाड्यांत कुणीतरी केव्हातरी पॉवर स्टिअरिंगच्या पंपातही हेच लाल तेल ओतलेलं असतं, म्हणून तिथेही एक नजर टाकायची. इथे डाग गाडीच्या मधोमध आहे, स्टिअरिंगच्या पंपापासून बराच मागे.

[दृश्य: गाडी चार स्टँडवर, सपाट.]

कॉर्व्हेट जमिनीला टेकलेली गाडी. बॉडी फायबरची, त्यामुळे जॅक चुकीच्या जागी लावला की तडा गेलाच म्हणून समजा. आणि फक्त पुढून उचलून चालत नाही. गाडी तिरकी झाली की गळणारं तेलही वाट बदलतं.

खाली सगळंच ओलं दिसतं. चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलतो, उतार ते खाली आणतो. शेवटी ते पॅनच्या कडेवर जमतं आणि तिथून टपकतं. त्यामुळे गॅस्केटवर आळ येतो. गॅस्केट बदलणं स्वस्त आणि सोपं, म्हणून प्रत्येक जण आधी तेच बदलतो. शिवाय बोल्ट जोर लावून आवळतो, पत्र्याची कड भोकांपाशी वाकते, आणि आतापर्यंत न गळणारं गॅस्केट खरोखरच गळायला लागतं.

योग्य रीत कंटाळवाणी आहे. डिग्रीझर मारून सगळं धुवायचं, कोरडं करायचं आणि पावडरचा स्प्रे मारायचा. घामट पायांसाठी औषधाच्या दुकानात मिळतो तोच. जनरल मोटर्सच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येही ही पावडरची पद्धत दिलेली आहे. पांढऱ्या थरावर तेलाची पहिली रेघ लगेच उठून दिसते. दुसरा मार्ग, तेलात चमकणारा रंग मिसळून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पाहायचं. दोन्हींत शोधायची ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा.

[दृश्य: गाडी चालवून आणलेली. खालचा पांढरा थर कोरडा.]

चालवून आणली, काहीच नाही. मालक म्हणतो, बघा, मी सांगत होतो. आता गाडी तशीच उभी ठेवायची, कारण या गळतीत खरा पुरावा वेळेचा आहे.

इंजिन चालू असताना गिअरबॉक्सचा पंप पॅनमधलं तेल उचलून टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), क्लचमध्ये, रेडिएटरमधल्या कूलरकडे पाठवत असतो. पॅनमधली पातळी तेव्हा खाली असते. इंजिन बंद झाल्यावर कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू परत झिरपतं. जुन्या, झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये जास्तच. काही दिवसांत पॅन भरतो आणि तेल त्याच्या कडेच्याही वर चढतं. तेल अडवणारी, एरवी कोरडी राहणारी सीलं आता तेलात बुडतात.

म्हणजे चालताना दाबाखाली असणाऱ्या जागा संशयातून जवळजवळ सुटल्या. कूलरच्या नळ्या असत्या तर इंजिन चालू असतानाच तेल उडालं असतं. पुढचं पंपाचं सील असतं तर कन्व्हर्टरच्या हाउसिंगखालून थेंब आले असते, आणि ते काम महागडं. गिअरबॉक्स उतरवायचा, म्हणजे आधी सायलेन्सरचे पाइप, मग गिअरबॉक्सला मागच्या डिफरन्शिअलशी जोडणारा तो लांब ॲल्युमिनियमचा बीम. अर्थात तेल जास्त भरलं असेल तरी वरच्या व्हेंटमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, बाहेर येऊन हाउसिंग भिजतं आणि निष्पाप सीलवर खर्च होतो. कूलर आतून फुटला तर खाली थेंबही नाही, रेडिएटरमध्ये मात्र लाल तेल आणि कूलंट मिसळून स्ट्रॉबेरी मिल्कशेक!

[दृश्य: काही दिवसांनंतर. टॉर्चचा प्रकाश, डावी बाजू.]

उजवीकडे डिपस्टिकची, म्हणजे तेलाची पातळी मोजायच्या पट्टीची, नळी, कूलरच्या नळ्या, थ्रॉटलकडून येणारी केबल आणि सर्व्होचं झाकण. सगळं कोरडं. डावीकडे, म्हणजे अमेरिकेत ड्रायव्हरच्या बाजूला, पॅनच्या कडेच्या जरा वर गिअरचा लिव्हर ज्या दांड्यावर बसतो तिथून एक बारीक लाल रेघ उतरली आहे. त्याच्या वरचा वायरचा कनेक्टर कोरडा, मागचं गव्हर्नरचं झाकणही कोरडं.

तर चोर हा: त्या दांड्याचं, म्हणजे सिलेक्टर शाफ्टचं सील. लोखंडी कडेचं छोटं रबरी वर्तुळ, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेलं. त्यासाठी पॅनही उतरवावा लागत नाही. लिव्हरचा नट सोडायचा, खास पुलरने जुनं सील ओढून काढायचं, शाफ्टवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासायचा आणि नवं सील सरळ ठोकून बसवायचं. शाफ्ट खरखरीत ठेवला तर नवं सीलही फार टिकत नाही.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या दुकानात मिळतात. रबर फुगवून त्या काही काळ काम करतात. गाडी विकायची असेल तर ठीक, असं इथले मेकॅनिक हसत हसत म्हणतात. मला तो विनोद फारसा आवडत नाही.

[दृश्य: इंजिन चालू, डिपस्टिक पुसली जाते.]

शेवटी पातळी. इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण गरम, गाडी सपाट जागी, ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरवायचे, मग पार्कमध्ये, इंजिन चालूच ठेवून डिपस्टिक पाहायची. कन्व्हर्टरचं परत झिरपणं सील बदलून थांबलेलं नाही. त्यामुळे पुढच्या एप्रिलमध्ये, स्टार्टर मारण्याआधी डिपस्टिक काढली तर तेल खुणेच्या बरंच वर दिसेल. ते जास्त झालंय म्हणून उपसायचं नाही.