वाकलेल्या अकरा पिना

दृश्य : परभणी. स्टेशन रोडमागची एक गल्ली. जुलैतली सकाळ. शटर निम्मं वर.

या दुकानात दोन स्टुलं आहेत आणि दोन्ही कायम अडलेली असतात. एकावर कुणाचा तरी प्रिंटर, दुसऱ्यावर कुणाचं तरी कॅबिनेट. गिऱ्हाईक उभंच राहतं. दारालगत, उजेडाकडे तोंड करून एक बुटकं टेबल मांडलंय. त्याच्या कडेनं बोटभर उंचीची लाकडी पट्टी ठोकलेली आहे, म्हणजे सुटा स्क्रू घरंगळून खाली जात नाही. कॉम्प्युटरच्या दुकानात असं टेबल सहसा नसतं. हे घड्याळजीचं टेबल आहे.

हे दुकान चालवणाऱ्या काकांनी वीसेक वर्षं घड्याळं दुरुस्त केली. निवृत्त मास्तरांची चावीची एचएमटी, कुणाच्या लग्नातलं मनगटी घड्याळ, भिंतीवरची लंबकाची. मोबाइल आले, लोक वेळ त्यातच बघायला लागले, आणि टेबलापुढची गर्दी ओसरली. मग काका कॉम्प्युटर शिकले. चिमटे तेच राहिले, डोळ्याला लावायचं भिंग तेच राहिलं. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा आलो तो माझा स्वतःचा बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन. त्या दिवशी त्यांचे हात पाहिले आणि तेव्हाच ठरवलं, हे काम कॅमेऱ्यात धरायचं.

दृश्य : दारात एक मुलगी. पायाशी कॅबिनेट, खांद्याला पिशवी, हातात स्टीलचा डबा.

ती पाथरी तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवते. जुलै म्हणजे तिच्या कामाचा सुगीचा महिना. खरिपाचा पीक विमा भरायचा असतो, कॉलेजला निघालेल्या पोरांना उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले लागतात. दारात सकाळपासून चपलांचा ढीग. अशात कॉम्प्युटर गरम होऊन सारखा बंद पडायला लागला. कुणीतरी सांगितलं, आतली पेस्ट वाळली असेल, बदलून टाक. तिनं रात्री कॅबिनेट उघडलं, पंख्याचे चार स्क्रू काढले आणि पंखा सरळ वर ओढला.

“काका, मी पंखाच काढायलते. तर खालचं हे पण संगंच आलं. आन् हातातून सटकलं.”

काका डब्याचं झाकण काढतात. आत कापूस. कापसात सोन्याचा डाग ठेवावा तसा ठेवलेला प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू.

“मोडली नाही ना एकबी पिन? मग घाबरू नको लेकरा. बस. स्टूल मोकळं कर अन् बस.”

दृश्य : प्रोसेसर, अगदी जवळून.

हा एएमडी कंपनीचा रायझन ३, ३२००जी. २०१९ साली आलेला. चाळीस मिलीमीटर लांब, चाळीस मिलीमीटर रुंद, म्हणजे साधारण काड्यापेटीएवढा चौकोन. त्याच्या पोटाला १,३३१ पिना आहेत. सोन्याचा मुलामा दिलेल्या, एकमेकींपासून साधारण मिलीमीटरभर अंतरावर उभ्या. मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, ए. एम. फोर नावाचं सॉकेट असतं, त्याला तितकीच भोकं. बाजूची लहान दांडी खाली दाबली की सॉकेट पिनांना आडवं चिमटून धरतं.

इथेच मुलीची फसगत झाली, आणि तिच्यासारखी कित्येकांची होते. दांडी पिनांना बाजूनं धरते, वरून धरत नाही. वर पंख्याखालचा धातूचा ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. दोन-चार उन्हाळे गेले की ती वाळून डिंकासारखी चिकटते. मग ठोकळा सरळ वर ओढला की प्रोसेसर दांडी न उघडताच उपटून वर येतो. आधी दांडी उघडावी म्हटलं तर ती ठोकळ्याखाली अडकलेली असते.

मग काढायचं कसं? काका हाताच्या खुणेनं दाखवतात. कॉम्प्युटर चालत असेल तर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा, पेस्ट ऊबेनं सैल होते. मग बंद करायचा, वायर काढायची, स्क्रू काढायचे आणि ठोकळा जात्यासारखा थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवायचा. पकड सुटल्याचं हाताला कळतं. त्यानंतरच वर उचलायचा. एवढं त्या रात्री तिला कुणी सांगितलं असतं तर तिची एसटीची खेप वाचली असती. हा व्हिडिओ करण्यामागे माझा सगळ्यात मोठा हेतू हाच आहे.

दृश्य : काका भिंग डोळ्याला लावतात.

पहिलं काम कापूस काढण्याचं. जपून आणावं म्हणून तिनं कापसात गुंडाळला, पण कापसाचे तंतू पिनांत अडकतात आणि ओढायला गेलं की पिना आणखी वाकतात. काका एकेक तंतू चिमट्यानं उचलतात, ओढत नाहीत. प्रोसेसर कडेनं धरलाय, पिनांना बोट लागत नाही. हात लावण्याआधी त्यांनी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श केला होता, अंगावरची स्थिर वीज तिथे उतरावी म्हणून. प्रोसेसर न्यायचाच असेल तर तो ज्या प्लास्टिकच्या साच्यात विकत मिळतो तो साचा जपून ठेवावा, असं ते मुलीला सांगतात. ती मान हलवते. तिचं सगळं लक्ष त्या चौकोनाकडे.

मग काका प्रोसेसर डोळ्याच्या रेषेत धरतात आणि दाराच्या उजेडाकडे वळतात. तिफणीनं पेरलेल्या रानात बांधावर उभं राहिलं की ओळी दिसतात, तशा पिनांच्या ओळी दिसतात. सरळ असल्या तर पार पलीकडचा उजेड दिसतो. एखादी वाकली की ओळ तिथे बुजते. एका बाजूनं बघून झालं, मग प्रोसेसर आडवा फिरवून दुसऱ्या बाजूनं, मग तिरपा. कागदावर चौकोन काढून त्यात ठिपके मांडले. अकरा. त्यातल्या आठ नुसत्या कललेल्या, दोन एकमेकींना टेकलेल्या, आणि कोपऱ्यातली एक जवळजवळ आडवी.

कललेल्या आठ पिनांसाठी जुनं एटीएम कार्ड पुरतं. दोन ओळींच्या मधून कार्डाची कड हळूच सरकवायची आणि ओळ रेटत न्यायची. टेकलेल्या दोघींना चिमट्याच्या टोकानं वेगळं केलं. कोपऱ्यातल्या आडव्या पिनेसाठी काकांनी खणातून शाळेतली दाबायची पेन्सिल काढली, शिसं काढून टाकलेली. पुढच्या नळीचं तोंड बारीक असतं, पिन त्यात बरोबर शिरते. पण आडव्या पिनेत नळी शिरणार कशी? म्हणून आधी सुईचं टोक खालून घालून ती अर्धी उचलली.

आणि काका थांबले.

मला वाटलं, काही बिघडलं. बिघडलं नव्हतं. धातू एकदा वाकला की वाकल्या जागी ताठर होतो. परत वाकवला की आणखी ताठर. तारेचा तुकडा पुढे-मागे केल्यावर तुटतो, त्याचं कारण हेच. म्हणून पिन एका हिसक्यात उभी करायची नाही आणि उभ्याच्या पलीकडेही न्यायची नाही, कारण परत आणताना ती बुडातून जाते. थोडी उचलायची, बघायची, अजून थोडी. घड्याळातली केसासारखी स्प्रिंग वाकली की अशीच बसवायचो, काका म्हणाले. ती स्प्रिंग मी पाहिलेली नाही. पण त्यांनी श्वास धरलेला मला माइकमध्ये ऐकू आला.

मध्येच लाईट गेली. दुकानातला पंखा थांबला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा इन्व्हर्टर ओरडायला लागला. टेबल दाराकडे तोंड करून का मांडलंय, ते तेव्हा कळलं. काकांनी मान वरसुद्धा केली नाही.

पिन तुटलीच असती तर? सगळ्या पिना सारख्या महत्त्वाच्या नसतात. पुष्कळशा वीज देण्याघेण्याच्या असतात, त्यांचं काम शेजारच्या पिनाही करतात. त्यातली एखादी गेली तरी कॉम्प्युटर चालू शकतो. पण मेमरीकडे, म्हणजे रॅमकडे, जाणारी गेली तर तिचा एक चॅनेलच, म्हणजे ये-जा करायचा एक रस्ताच, दिसेनासा होतो, किंवा पडदा काळाच राहतो. तुटलेली पिन डाग देऊन जोडणारे कारागीर आहेत. काका ते काम घेत नाहीत आणि तसं स्पष्ट सांगतात.

नव्या मशीनमध्ये ही भीती जागा बदलून बसलीय. इंटेलनं २००४ पासून डेस्कटॉपच्या प्रोसेसरवरच्या पिना काढून सॉकेटमध्ये नेल्या. एएमडीनं २०२२ मध्ये, ए. एम. फाइव्ह सॉकेट आणताना, तेच केलं, तिथे १,७१८ संपर्कबिंदू आहेत. प्रोसेसर खालून गुळगुळीत झाला, नाजूकपणा मदरबोर्डकडे गेला. त्या पिना आकड्यासारख्या दुमडलेल्या असतात, आणि त्या सरळ करणं याहून अवघड, असं काकांचं म्हणणं.

दृश्य : सॉकेटची दांडी उभी.

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर. त्रिकोणावर त्रिकोण. दाबायचं अजिबात नाही, प्रोसेसर स्वतःच्या वजनानं खाली उतरायला हवा.

उतरला नाही. एक कड किंचित वर राहिली.

ह्या घटकेला माणसाचा अंगठा आपोआप पुढे येतो. मुलीचाही आला. काकांनी तिचा हात धरला नाही, फक्त “थांब” म्हणाले. प्रोसेसर उचलून पुन्हा उजेडाकडे धरला. आठ कललेल्यांपैकी एक अजून केसभर कललेली होती. कार्डाची कड पुन्हा एकदा फिरली. दुसऱ्यांदा ठेवला, तेव्हा तो सपाट बसला. आवाजसुद्धा झाला नाही. दांडी खाली.

पुढचं काम सोपं होतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली, चारही स्क्रू समोरासमोरचे धरून थोडे-थोडे आवळले आणि पंख्याची वायर तिच्या जागी खोचली. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही काकांनी मीटरनं मोजला. तीन व्होल्टचा सेल बराच खाली आलेला, म्हणून तोही बदलला.

लाईट आली. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. मुलीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. मग पडद्यावर अक्षरं उमटली आणि रॅम पूर्ण दिसली.

ती उठून पिशवी उचलायला लागली, कारण पाथरीची गाडी निघायची होती. काकांनी तिला पुन्हा बसवलं. सेल काढल्यामुळे कॉम्प्युटरची तारीख मागे गेली होती. तारीख चुकीची असली की सरकारी साइट सुरक्षित नाही म्हणून उघडत नाही, आणि घरी जाऊन पोर पुन्हा घाबरेल.

कॉम्प्युटर बंद असताना त्या सेलवर वेळ धरून ठेवणारा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. क्वार्ट्झच्या मनगटी घड्याळातही तोच असतो. काकांनी भिंग काढून ठेवलं, डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि काटा बारावर येईपर्यंत एंटरवर बोट धरून थांबले.