मावळता सूर्य मोजून पाहा

नमस्कार श्रोतेहो.

"पृथ्वी गोल आहे, हे तुम्ही स्वतः पाहिलंय का?" मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहून मुलं हा प्रश्न विचारतात, तेव्हा मोठी माणसं बहुधा हसून सोडून देतात, नाहीतर "उपग्रहाचे फोटो आहेत की" म्हणून विषय मिटवतात. मला हे बरोबर वाटत नाही. मुलाचं म्हणणं एवढंच असतं, की फोटो दुसऱ्या कुणी काढले, पुस्तक दुसऱ्या कुणी लिहिलं, मग मी काय पाहिलं? ही मागणी रास्त आहे. अशा मुलाला गप्प बसवण्यापेक्षा त्याला सोबत घेऊन संध्याकाळी मोकळ्या जागी जाऊन उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आज आपण उपग्रह आणि अंतराळवीर बाजूला ठेवू. डोळे, एक काठी, पुठ्ठ्याचा तुकडा, एवढ्यावर काय काय तपासता येतं ते पाहू. पथ्य एकच. पृथ्वी सपाट असेल तर काय दिसायला हवं आणि गोल असेल तर काय, हे पाहण्याआधी कागदावर लिहून ठेवायचं. हे केलं नाही तर जे दिसेल ते आपल्या बाजूनं वळवून घ्यायला वेळ लागत नाही, आणि हा मोह दोन्हीकडच्यांना होतो.

सपाट पृथ्वी मानणाऱ्यांचं चित्र आधी नीट समजून घेऊ. त्यांच्या मते पृथ्वी ही एक वर्तुळाकार चकती. मधोमध उत्तर ध्रुव, कडेला सभोवार अंटार्क्टिकाचा बर्फ. सूर्य जमिनीपासून साधारण ५,००० किलोमीटरवर, चकतीला समांतर फिरत राहतो, आणि तो आपल्यापासून लांब गेला की रात्र होते. सगळे जण तंतोतंत हेच सांगतात असं नाही, पण बहुतेक व्हिडिओंत हेच चित्र असतं. त्यात आकडे आहेत ही चांगली गोष्ट. आकडे असले की पडताळा घेता येतो.

आता दिवस निवडू या विषुवदिनाचा, म्हणजे २०-२१ मार्च किंवा २२-२३ सप्टेंबर. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. विषुववृत्तावर एक माणूस उभा आहे असं समजा. दुपारी सूर्य त्याच्या डोक्यावर, ५,००० किलोमीटरवर. सहा तासांत सूर्याची पाव फेरी होते. चकतीवर ध्रुवापासून विषुववृत्त १०,००० किलोमीटरवर आहे. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय लावलं, तर सूर्याच्या थेट खालची जागा आता या माणसापासून सुमारे १४,००० किलोमीटरवर गेली, आणि सूर्य स्वतः त्याच्यापासून १५,००० किलोमीटरवर. दुपारच्या तिप्पट लांब.

यातून तीन भाकितं निघतात. संध्याकाळी सहाला, म्हणजे सूर्य सर्वांत वर असतो त्या वेळेपासून सहा तासांनी, सूर्यबिंब दुपारच्या एक-तृतीयांश दिसायला हवं. ते क्षितिजापासून सुमारे २० अंश वर असायला हवं. आणि ते पश्चिमेला नाही, वायव्येला दिसायला हवं, कारण सूर्य चकतीच्या मध्याभोवती वळून गेलेला असतो. आपण विषुववृत्तापासून लांब राहत असलो तर आकडे बदलतात, बिंब तितकं लहान होत नाही, पण सूर्य सहाला क्षितिजाच्या चांगलाच वर आणि पश्चिमेपासून बराच उत्तरेकडे असायला हवा, हे कुठेही सुटत नाही.

तपासणं अगदी सोपं आहे. हात ताठ पुढे करून मूठ आवळा. मुठीची रुंदी डोळ्याला साधारण १० अंश भरते. म्हणजे चकतीवरचा सूर्य सहाच्या सुमारास क्षितिजावर दोन मुठी हवा. खरा सूर्य विषुवदिनी त्या वेळी क्षितिजाला टेकलेला असतो. दिशा होकायंत्रावर पाहा, फोनमधलं चालेल. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत थोडा फरक असतो, पण पश्चिमेची वायव्य व्हावी एवढा मोठा फरक बहुतेक वस्तीच्या प्रदेशांत नसतो. त्या संध्याकाळी सूर्य पश्चिमेलाच मावळतो, आणि जगभर कुठल्याही गावाहून फोन करून विचारलं तरी तेच उत्तर येतं.

राहिला बिंबाचा आकार. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, दुर्बिणीतून तर कधीच नाही. पुठ्ठ्याला सुमारे दोन मिलिमीटरचं छिद्र पाडा. पुठ्ठा उन्हात सूर्यासमोर धरा आणि त्यामागे बरोबर दोन मीटरवर, सावलीत, पांढरा कागद धरा. कागदावर प्रकाशाचा एक लहानसा गोल उमटेल. तो छिद्राचा आकार नाही, ते सूर्याचं चित्र आहे. छिद्र चौकोनी पाडलं तरी तो गोलच येतो, ते मुलांना आवर्जून करून दाखवा. पेन्सिलनं त्याच्या दोन्ही कडांना खुणा करा. अंतर साधारण दोन सेंटिमीटर भरेल. संध्याकाळी सूर्य खाली आला की तोच पुठ्ठा, तेच दोन मीटर, पुन्हा खुणा. प्रकाश मंद झालेला असतो, त्यामुळे कागदावर अंधार नीट धरावा लागतो आणि एक जण पुठ्ठ्याला, एक जण कागदाला असं दोघांनी करणं बरं पडतं. मोजायची ती आडवी रुंदी. अगदी क्षितिजाजवळ हवेतून येणारा प्रकाश वाकतो आणि बिंब वरून खालून थोडं दबतं, पण आडव्या मापाला फारसा धक्का लागत नाही. दुपारचं माप आणि संध्याकाळचं माप एकच येतं. उगवता-मावळता सूर्य डोळ्यांना मोठा भासतो, तो भास. कागदावरच्या खुणा दोन्ही वेळा सारख्याच.

इथे समोरून उत्तर येतं, की लांबची वस्तू क्षितिजाकडे उतरल्यासारखी दिसते, तसाच सूर्य मावळतो. लांबलचक रस्त्यावरच्या दिव्यांची रांग पाहा. पुढचा प्रत्येक दिवा खाली गेल्यासारखा दिसतो, हे खरं. पण तो लहानही होत जातो. खाली जायचं आणि आकार मात्र तसूभरही कमी करायचा नाही, ही सवलत त्यातल्या एकाही दिव्याला मिळत नाही, मग सूर्यालाच कशी मिळेल?

समुद्र किंवा मोठा जलाशय जवळ असेल तर आणखी एक गोष्ट करता येते. पाण्याच्या काठावर पालथं पडून सूर्याची शेवटची कड बुडेपर्यंत थांबा आणि पटकन उभे राहा. ती कड पुन्हा दिसते आणि विषुववृत्ताच्या आसपास सुमारे दहा सेकंदांनी परत बुडते. ६० मीटर उंचीवरून हाच फरक सुमारे एक मिनिटाचा होतो. २०११ मध्ये दुबईत बुर्ज खलिफाच्या ८० व्या मजल्याच्या वरच्या रहिवाशांना रमजानचा उपवास दोन मिनिटं उशिरा सोडायला सांगितलं होतं, कारण त्यांचा सूर्य तेवढा उशिरा मावळतो. ५,००० किलोमीटर उंच सूर्याला आपण उभे आहोत की झोपलेले, याचा काय फरक पडणार?

आता लांब जाणारं जहाज तळाकडून आधी बुडाल्यासारखं दिसतं, या नेहमीच्या पुराव्याकडे वळतो, आणि इथे मला दोन्ही बाजूंना थोडं बोलायचं आहे. बुडालेलं जहाज कॅमेऱ्यानं झूम केल्यावर परत येतं, असे व्हिडिओ खरे असतात. ते जहाज क्षितिजापलीकडे गेलेलंच नसतं, फक्त लहान झालेलं असतं. क्षितिजापलीकडे गेल्यावर कितीही झूम केलं तरी त्याचा तळ परत येत नाही, वरचा भाग तेवढा मोठा होतो. तेव्हा डोळ्यांची उंची किती होती, हे विचारल्याशिवाय अशा कुठल्याही व्हिडिओवर मत देऊ नये.

हा उंचीचा मुद्दा जुना आहे. १८३८ मध्ये इंग्लंडमधल्या बेडफर्ड लेव्हल नावाच्या सरळ कालव्यात सॅम्युअल रोबॉथम यांनी डोळे पाण्यापासून अवघ्या वीसेक सेंटिमीटरवर ठेवले आणि जवळजवळ दहा किलोमीटर लांब गेलेली होडी शेवटपर्यंत दिसली, म्हणून पृथ्वी सपाट ठरवली. १८७० मध्ये सपाट पृथ्वी मानणाऱ्या जॉन हॅम्पडन यांनी, पाण्याचा फुगवटा दाखवून द्या, अशी ५०० पौंडांची पैज लावली, आणि ती त्याच पाण्यावर तपासली गेली. ती निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वीकारली. वॉलेस आधी जमिनीची मोजणी करत असत, त्यामुळे पाण्याला लागून असलेल्या हवेत प्रकाश वाकतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी नजरेची रेषा पाण्यापासून सुमारे चार मीटर वर उचलली आणि मधोमध तेवढ्याच उंचीवर खूण लावली. दुर्बिणीतून मधली खूण पलीकडच्या टोकाच्या खुणेपेक्षा वर दिसली. पाण्याला मध्ये फुगवटा होता. पंचानं निकाल वॉलेस यांच्या बाजूनं दिला, तरी हॅम्पडन यांनी तो मानला नाही आणि पुढे कित्येक वर्षं वॉलेस यांना छळलं. या बदनामीबद्दल हॅम्पडन यांना तुरुंगातही जावं लागलं.

आजही व्हिडिओंत एक सूत्र सांगतात, की मैलांचा वर्ग गुणिले आठ इंच एवढी वस्तू लपायला हवी. आपल्या मापात दहा किलोमीटरला जवळपास आठ मीटर. हे सूत्र डोळा थेट पाण्याच्या पातळीला टेकलेला असेल तरच लागू पडतं. डोळा दोन मीटर उंच असेल तर क्षितिजच पाच किलोमीटरवर जातं आणि दहा किलोमीटरवरच्या वस्तूचे जेमतेम दोन मीटर लपतात. आठ मीटर लपले नाहीत म्हणून पृथ्वी सपाट ठरवणाऱ्यांची बहुतेक गणितं इथेच घसरलेली सापडतात.

आपल्या बाजूचे काही पुरावेही कच्चे आहेत. विमानाच्या खिडकीतून काढलेला गोलाई दाखवणारा फोटो पुढे करू नका. विमान ज्या उंचीवरून जातं तिथून वक्रता फार थोडी दिसते आणि खिडकीची काच, कॅमेऱ्याची भिंग सरळ रेषाही वाकवतात. आपल्याला भोवतालची जमीन सपाट का दिसते, याचं उत्तर भास्कराचार्यांनी ११५० मध्ये देऊन ठेवलं आहे. परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो आणि पृथ्वी अफाट, माणूस अगदी लहान, म्हणून ती त्याला सपाट वाटते, असं ते म्हणतात.

दुसरा कच्चा पुरावा म्हणजे दोन काठ्या. ग्रीक विद्वान एराटोस्थेनीसनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या सायीनी आणि अलेक्झांड्रिया इथल्या दुपारच्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला, हे थोर काम आहेच. पण सूर्य फार दूर आहे हे त्यानं धरून चाललं होतं. दोनच सावल्या घेतल्या, तर सपाट जमीन आणि जवळचा सूर्य घेऊनही त्या समजावून सांगता येतात. हा आक्षेप खरा आहे, तो मान्य करावा.

म्हणून काठ्या तीन घ्याव्यात. विषुवदिनी दुपारी, वेगवेगळ्या अक्षांशांवरच्या तीन माणसांनी, एक मीटरची काठी ओळंब्यानं उभी करायची आणि सर्वांत आखूड सावली मोजायची. २० अंश अक्षांशावर ती सुमारे ३६ सेंटिमीटर येते, ४५ अंशांवर पूर्ण एक मीटर, ६० अंशांवर १ मीटर ७३ सेंटिमीटर. आता जमीन सपाट धरून, प्रत्येक ठिकाणाचं विषुववृत्तापासूनचं अंतर घेऊन, सूर्याची उंची काढा. पहिल्या काठीवरून ती सुमारे ६,१०० किलोमीटर येते, दुसरीवरून ५,०००, तिसरीवरून ३,८५०. सूर्य एक, दुपार तीच, आणि उंच्या तीन. जमीन गोल धरली की तिन्ही सावल्या एका घेरात बसतात.

हा प्रयोग करायचा असेल तर तीन अक्षांशांवरची माणसं आधी जमवावी लागतील. विषुववृत्ताच्या दक्षिणेला कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाही सामील करून घ्या, त्यांची सावली दक्षिणेकडे पडेल. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्याची दुपार झाली असं धरू नका. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करत राहा, सावली पुन्हा वाढू लागेपर्यंत, मग घड्याळात एक वाजून गेला तरी चालेल. त्यातली सर्वांत आखूड सावली तुमची. आणि आकडे एकमेकांना कळवण्याआधी प्रत्येकानं आपापलं माप लिहून त्याचा फोटो काढून ठेवावा.