माकडताप यंदा वाढणार का? गेल्या वर्षीचा आकडा बाजूला ठेवा

नमस्कार. माकडताप म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूजन्य ताप. काजूचा हंगाम जवळ आला की सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि गोव्यातल्या सत्तरीत हमखास विचारलं जातं: यंदा माकडताप किती? आणि उत्तर देताना गेल्या वर्षीचे रुग्ण मोजले जातात. चूक इथेच होते. आजारातून उठलेल्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती असते. म्हणून साथ एका वाडीत ओसरते आणि शेजारच्या वाडीत उठते. जिल्ह्याची बेरीज तीच दिसली, तरी जागा बदललेली असते. अंदाज वाडीनिहायच बांधा.

मोजायची ती गोचीड. गोचिडीची मादी पावसाळ्यात पाचोळ्यात अंडी घालते. पाऊस सरताना अळ्या दिसतात, नोव्हेंबरपासून निम्फ, म्हणजे अळी आणि प्रौढ यांच्यामधली अवस्था. तिळाहून बारीक असलेली हीच अवस्था माणसाला मुख्यतः आजार देते. रुग्ण जास्त मिळतात जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच्या मोजणीने हाताशी काही आठवडे मिळतात.

(कापड कॅमेऱ्यासमोर धरून) हे पांढरं फ्लॅनेल, एक मीटर बाय एक मीटर. एका कडेला काठी, काठीला दोरी. प्रशिक्षित पथकाने पाचोळ्यावरून सावकाश ओढायचं, दर 10 मीटरला उलटून बघायचं, चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने कुपीत टाकायच्या. पँट मोज्यांत खोचलेली हवीच. दव असताना ओढू नका. ओल्या कापडाला गोचिडी नीट चिकटत नाहीत आणि आकडा फसवा, कमी येतो. दरवर्षी जागा त्याच, वेळ तीच.

नुसत्या संख्येवर थांबू नका, त्यातल्या बाधित किती ते पाहा. समजा 1000 निम्फ, 50-50 चे 20 गट, प्रत्येक गट एकत्र तपासला, त्यातले 2 गट पॉझिटिव्ह: प्रत्येकात निदान एक बाधित, म्हणजे हजारी किमान 2 बाधित.

आता गणित. साथीचे आकडे फार उसळतात. चढउतार सरासरीइतकाच धरणारं पॉयसन हे गणिती मॉडेल खोटा आत्मविश्वास देतं, जास्त चढउतार सामावणारं निगेटिव्ह बायनॉमियल बरं. जुन्या नोंदींतलं एकेक वर्ष झाकून बाकीच्या वर्षांवरून त्याचा अंदाज काढा. ‘गेल्या वर्षीइतकेच’ या साध्या अंदाजाला मॉडेल हरवत नसेल, तर ते वापरू नका. एक आकडा न देता पल्ला द्या: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. तापाचे किती नमुने तपासले हेही सोबत लिहा. तपासण्या वाढल्या की रुग्णही वाढलेले दिसतात.

आणि रानात माकड मेलेलं दिसलं, तर मॉडेल काहीही म्हणो, हात न लावता त्याच दिवशी आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. त्याच्या अंगावरच्या गोचिडी आता खाली पाचोळ्यात उतरतात, आणि काजू वेचणारी माणसं तिथेच वाकतात.